टाळी

आधी कूलर बंद केला, मग पंखा.
पारोळ्यात, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता
हे म्हणजे आलेल्या माणसाला ऊठ म्हणण्यासारखंच.
पण माइकला वारा चालत नाही.

कॉम्प्युटर स्टँडजवळच्या सायबर कॅफेतला,
कॅफे बुडाला तेव्हा अडीच हजारांत उचललेला.
एक माइक मागच्या गुलाबी भोकात,
दुसरा यूएसबीत.
मशीन म्हणालं : एका वेळी एकच निवडा.

अण्णा, की लोटनकाका.

मला हसू आलं.
आमच्या घरात बावीस वर्षं
हाच प्रश्न पडद्यावर येऊन थांबलाय.

नरडाण्याच्या त्या वरातीत
अण्णांची क्लॅरिनेट पुढं, घोड्याच्या नाकाशी,
लोटनकाकांचा ढोल मागं, जनरेटरच्या हातगाडीला खेटून,
आणि गाणं भर चौकात सांडलं.
वरबापानं पैसे कापले.
'तुनाच हात मांगे पडना.'
'तूच पुढे पळना, भो.'
पुढं बँड मोडला, लाल कोट कसरीनं खाल्ले,
ही दोन वाक्यं तेवढी दोघांनी
तेलपाणी करून ठेवली.

मी दोघांना एकच थाप मारली :
तुमचं वेगळं भरणार,
त्याचा आवाज तुमच्यात मिसळायचा नाही.

रात्री भूषणनं फोनवर युक्ती सांगितली,
एक खोटा माइक तयार कर,
दोन्ही खरे त्याच्या पोटात घाल.
मशीनला वाटलं, एकच आहे. फसलं.
पण दोन माइकांची घड्याळं दोन.
निघतात जोडीनं,
नवव्या मिनिटाला एकाची चप्पल तुटते.

म्हणून टाळी.
सुरू करताना एक, संपताना एक,
दोघांच्या बरोबर मधोमध उभं राहून.
नंतर पडद्यावर ते दोन सुळके
एकाखाली एक आणून ठेवायचे,
मधलं सगळं आपोआप ओढलं जातं.

अण्णांनी कवळी काढून वाटीत ठेवली,
जीभ पत्तीवर फिरवली.
लोटनकाकांनी ढोलावर ओला टॉवेल टाकला,
भिंतीकडं तोंड करून बसले.
मी टाळी वाजवली.
पुढची अकरा मिनिटं मी घाम पुसला नाही,
तोही आवाज येईल म्हणून.
शेजारच्या गिरणीला त्या दिवशी लाइट नव्हती, एवढं नशीब.

रात्री कानाला हेडफोन लावला, टाळ्या जुळवल्या,
लोटनकाकांचा पट्टा मुका केला.
अण्णा एकटे. आणि त्यांच्या फुंकरीखाली
लांबून, गोधडीतून आल्यासारखा, ढोल.
केसभर उशिरा.
मग अण्णांना मुकं केलं.
ढोल छातीवर, आणि त्याच्या मागं क्लॅरिनेट.
तीही केसभर उशिरा.

तीनदा मोठं करून बघितलं.
दहा फुटांची खोली. आवाजाला चालत यावं लागतं.
नरडाण्याला चाळीस पावलं होती,
मधे घोडा, नाचणारे, भोंगे.
म्हणजे दोघंही खरं बोलत होते.
हे कुणाला कसं सांगायचं
ते प्रोग्रॅममध्ये कुठं लिहिलेलं नाही.

एक बटण होतं,
दुसऱ्याचा आवाज खरवडून काढणारं.
बोट नेलं, आणि चहा ठेवायला उठले.

सकाळी अण्णांच्या कानांवर हेडफोन चढवला
आणि फक्त त्यांचाच पट्टा लावला.
डोळे मिटून बसले.
शेवटच्या टाळीला दचकले,
अंगठ्यानं मांडीवर काहीतरी मोजलं,
वाटीतली कवळी बसवली.

'आखो एकदाव लाव, पोरी,' म्हणाले.
'आते त्यानाकडथीन.'